घरच्या सीएनसीचा स्पिंडल: निवडायचा कसा आणि गुण्यात बसवायचा कसा

घरी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर कापणारं मिलिंग मशीन बांधणारा माणूस स्पिंडलवर, म्हणजे टूल धरून फिरवणाऱ्या मोटरवर आला की पहिला प्रश्न किलोवॅटचा विचारतो. मीही तोच प्रश्न घेऊन पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत एका ओळखीच्या काकांच्या गाळ्यात गेलो होतो. काकांनी उत्तर न देता मशीनचा फोटो मागितला, झेडच्या प्लेटवर, म्हणजे स्पिंडल घेऊन वर-खाली होणाऱ्या प्लेटवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे किती पेलतंय?" मला सांगता येईना.

तेव्हा मांडलेला हिशेब असा होता. ६ मिमी एंडमिल (बाजूनेही कापणारं टूल), ॲल्युमिनियममध्ये ३ मिमी खोल, पूर्ण रुंदीचा स्लॉट, मिनिटाला १००० मिमी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग). मिनिटाला १८ घन सेंमी धातू निघतो, म्हणजे सेकंदाला ३०० घन मिमी. ॲल्युमिनियमचा एक घन मिमी कापायला ढोबळ मानाने ०.८ ज्यूल ऊर्जा लागते असं धरलं, तर टोकाला लागली २४० वॅट. स्पिंडलमधलं नुकसान धरून चारशे-पाचशे म्हणा. हा कट चॅटर (टूलची थरथर) न होता घेईल असं घरगुती मशीन मी फार कमी पाहिलंय. त्याच्या कितीतरी आधी गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी कमान थरथरते, झेडच्या गाइडमधला (सरकायच्या रुळांमधला) प्ले, म्हणजे ढिलेपणा बोलायला लागतो. तेव्हा मशीन पेलेल तेवढाच स्पिंडल घ्यावा आणि वाचलेले पैसे व वेळ तो नीट बसवण्यात घालावेत. या लेखातला मोठा भागही बसवण्यावरच आहे.

काय कापणार, ते आधी

आरपीएमचं (मिनिटाला फेऱ्यांचं) सूत्र कुठल्याही मशीन शॉपमध्ये तोंडपाठ असतं: कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले टूलचा व्यास. कार्बाइड टूलने ॲल्युमिनियमला मिनिटाला २०० ते ३०० मीटर धरा. ६ मिमी टूलला १०,६०० ते १५,९०० आरपीएम येतात. २४,००० च्या स्पिंडलला हे अगदी सोयीचं. तेच टूल माइल्ड स्टीलवर ८० ते १०० मीटरने चालवायचं तर ४,२०० ते ५,३०० आरपीएम. आणि १० मिमी एचएसएस (हायस्पीड स्टील) एंडमिल स्टीलवर २५ मीटरने चालवायचं, तर जेमतेम ८००.

गोम इथेच आहे. २.२ किलोवॅट हा आकडा २४,००० आरपीएमवरचा आहे. तिथे टॉर्क निघतो साधारण ०.८८ न्यूटन-मीटर, आणि आरपीएम कमी केले म्हणून तो वाढत नाही. ६,००० वर आणलं की हाती उरतात ५५० वॅट. ८०० वर तर हा स्पिंडल चालवायचाच नाही. त्यामुळे स्टील हेच मुख्य काम असेल तर हा रस्ता सोडा. बेल्टवर फिरणारं बीटी-३० कार्ट्रिज किंवा आर-८ टेपरचं (टूल बसायच्या शंकूसारख्या बैठकीचं) हेड बघा. ते जड असतं, त्याला कॉलमही तसाच लागतो, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ॲल्युमिनियम, पितळ, ॲक्रिलिक, लाकूड, एमडीएफ हे काम असेल तर पुढे वाचा.

बाजारात काय मिळतं

सगळ्यात स्वस्त म्हणजे ५२ मिमी बॉडीचा ब्रशवाला डीसी स्पिंडल, ३०० ते ५०० वॅट, ईआर-११ कोलेट (टूल आवळून धरणारी चिरलेली बाही; ईआर पुढचा आकडा तिचं माप). पीसीबी, नावपट्ट्या, पातळ लाकूड यासाठी ठीक. ॲल्युमिनियमला तो जीव तोडून काम करतो आणि शेवटी खरंच तोडतो.

त्यानंतर ट्रिम राउटर. मकिताचा ७०० वॅटच्या आसपासचा राउटर जगभर घरगुती सीएनसीवर लावलेला दिसतो, कारण बॉडी ६५ मिमी गोल आहे, वजन कमी आहे आणि वायरिंग म्हणजे एक प्लग. पण तो १०,००० च्या खाली येत नाही, ठरावीक मापाचा शँकच (टूलचा दांडाच) धरतो आणि ओरडतो. सोसायटीत राहत असाल तर हा शेवटचा मुद्दा पहिला धरा.

मग येतात व्हीएफडीवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालणारे थ्री-फेज स्पिंडल: ६५ मिमी बॉडीचे दोन, ८०० वॅट (ईआर-११) आणि १.५ किलोवॅट (ईआर-११ किंवा ईआर-१६). आणि ८० मिमी बॉडीचा २.२ किलोवॅट, ईआर-२०. ईआर-११ मध्ये ७ मिमीपर्यंत शँक जातो, ईआर-१६ मध्ये १० पर्यंत, ईआर-२० मध्ये १३ पर्यंत.

माझं मत विचाराल तर ॲल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम आणि गोल रॉडवर किंवा १५ मिमी गाइडवर चालणारा झेड असेल तर ८०० वॅटच्या पुढे जाऊ नका. स्टीलची वेल्डेड फ्रेम आणि २० मिमी गाइड असेल तर १.५ किंवा २.२. या दोघांत २.२ घ्यायचं खरं कारण ईआर-२० हे आहे. १० आणि १२ मिमी शँकची टूल लागली तर हायसं वाटतं. मात्र वजन पाच किलोच्या घरात जातं, वर क्लॅम्प वेगळा. बॉल स्क्रूवरचा झेड वीज गेल्यावर या वजनाने आपोआप खाली सरकतो आणि फिरता टूल जॉबमध्ये घुसतो. वीज काय फक्त ठरलेल्या गुरुवारीच जाते असं नाही. झेडच्या मोटरला ब्रेक किंवा बाजूला गॅस स्प्रिंग, दोन्हींपैकी एक हवंच.

एअर कूल्ड की वॉटर कूल्ड? एअर कूल्डचा पंखा शाफ्टवरच बसलेला असतो. आरपीएम कमी तर वारा कमी, आणि आवाज मात्र कायम. वॉटर कूल्ड शांत चालतो, इतका की कटचा आवाज ऐकू येतो, आणि कटचा आवाज ऐकू येणं ही मोठी सोय आहे. पाण्याचा हिशेब मात्र करा. स्पिंडल ३०० वॅट उष्णता टाकतोय आणि बादलीत १५ लिटर पाणी आहे असं धरलं, तर बादली थंड न होता पाणी तासाला साधारण १७ अंशांनी तापेल. एप्रिलमध्ये पुण्यात पाणी आधीच कोमट असतं. तासाभराच्या वरची कामं असतील तर छोटा रेडिएटर आणि पंखा लावा. पंप म्हणून कूलरचा साधा पंप पुरतो. नळाचं पाणी नको, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात गाडीचं कूलंट मिसळा, नाहीतर दोन महिन्यांत नळीत शेवाळ दिसेल.

खोका उघडल्यावर

लगेच मशीनवर चढवू नका. शाफ्ट हाताने फिरवा. ग्रीसचा सारखा, मऊ विरोध हवा. खडखड किंवा एका जागी अडकणं नको. शाफ्ट वर-खाली ओढून पाहा, हाताला प्ले जाणवता कामा नये. स्पिंडल व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवा, कोलेट काढा आणि लिव्हर डायलचं (बारीक फरक दाखवणाऱ्या घड्याळी मापकाचं) टोक आतल्या टेपरवर लावून हाताने फिरवा. काटा १० मायक्रॉनच्या (०.०१ मिमीच्या) आत हलायला हवा. जास्त असेल तर परत पाठवायची वेळ हीच. एकदा क्लॅम्पचे ओरखडे पडले की विकणारा ऐकत नाही, मी हा वाद हरलेलो आहे.

मल्टिमीटरने तिन्ही फेजमधला रेझिस्टन्स जोडीजोडीने मोजा, तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. फेज आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी नको. आता चौथी पिन. बऱ्याच स्वस्त स्पिंडलमध्ये कनेक्टरची चौथी पिन आत कशालाच जोडलेली नसते. ती आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी नसेल तर वरचं झाकण उघडून अर्थची वायर बॉडीला स्क्रूने जोडा. वॉटर कूल्ड स्पिंडल, हातात ओला जॉब आणि अर्थ नसलेली बॉडी, ही जोडी घरात नको.

व्हीएफडी: सगळ्यात महाग चूक

माझा पहिला स्पिंडल मिनिटभरात जळाला. वायरिंग बरोबर होतं. व्हीएफडी कारखान्यातून ५० हर्ट्झच्या मोटरसाठी सेट होऊन आला होता, आणि मी वाचलंच नव्हतं.

आरपीएम म्हणजे १२० गुणिले हर्ट्झ, भागिले पोल. दोन पोलच्या मोटरला २४,००० साठी ४०० हर्ट्झ लागतात. अशा मोटरला २२० व्होल्ट ४०० हर्ट्झवर मिळायला हवेत. ५० हर्ट्झवर त्याच्या आठव्या भागाएवढेच. व्हीएफडीला वाटतं की मोटर ५० हर्ट्झची आहे, आणि तो ५० हर्ट्झवरच पूर्ण २२० देतो. करंट कित्येक पटींनी वाढतो आणि वाइंडिंगचा वास खोलीभर होतो.

म्हणून स्पिंडल जोडण्याआधी नुसता व्हीएफडी चालू करून सेटिंग भरा. हुआनयांगच्या प्रचलित मॉडेलवर आधी पीडी-०१३ मध्ये ८ भरून फॅक्टरी रिसेट करा. मग पीडी-००५ म्हणजे कमाल फ्रिक्वेन्सी ४००, पीडी-००४ म्हणजे बेस फ्रिक्वेन्सी ४००, पीडी-०११ म्हणजे किमान फ्रिक्वेन्सी १२०, पीडी-१४१ व्होल्टेज २२०, पीडी-१४२ मध्ये स्पिंडलच्या नेमप्लेटवरचे अँपिअर, पीडी-१४३ पोल २, पीडी-१४४ मध्ये ३०००. हा शेवटचा आकडा ५० हर्ट्झवरच्या आरपीएमचा आहे, त्यात २४,००० भरलं तर डिस्प्ले वेड्यासारखं दाखवतो. किमान १२० हर्ट्झ म्हणजे ७,२०० आरपीएम. त्याखाली टॉर्क आणि थंडावा दोन्ही पुरत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या व्हीएफडीला पॅरामीटरचे नंबर वेगळे असतात, पण कमाल, बेस, किमान, व्होल्टेज, अँपिअर आणि पोल या सहा गोष्टी त्यात शोधाच.

२.२ किलोवॅटचा व्हीएफडी सिंगल फेजवर पूर्ण लोडला २० अँपिअरच्या वर खेचू शकतो. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावू नका. वेगळी ४ चौरस मिमी वायर आणि स्वतंत्र एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्या. व्हीएफडीच्या करंट गळतीने घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) मधूनमधून पडतो. तो काढून टाकणं हा उपाय नाही, मशीनच्या सर्किटला योग्य प्रकारचा वेगळा आरसीसीबी लावा.

स्पिंडलपर्यंत शील्डेड चार कोअरची केबल घ्या, शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थला जोडा. ही केबल लिमिट स्विचच्या (चालीची हद्द सांगणाऱ्या स्विचच्या) वायरींबरोबर एकाच ड्रॅग चेनमध्ये (वायरी वाहणाऱ्या साखळीत) शेजारी ठेवली तर मशीन कटच्या मधोमध लिमिट लागल्याचं सांगून थांबतं, आणि तुम्ही दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसता. स्पिंडल फिरत असताना मधला कनेक्टर कधीही काढू नका. वीज बंद केल्यावर व्हीएफडीचं झाकण उघडायच्या आधी दहा मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. ग्रबल (मशीन चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर डॉलर-३० या सेटिंगमध्ये २४,००० भरा आणि एस (वेगाच्या) कमांडवर आलेले हर्ट्झ डिस्प्लेवर ताडून पाहा. इमर्जन्सी स्विचने स्पिंडलही थांबला पाहिजे, फक्त ॲक्सिस थांबून उपयोग नाही.

आता स्पिंडल टेबलावर क्लॅम्पमध्ये सैलसर धरून, पाणी चालू करून ८,००० वर पंधरा-वीस मिनिटं फिरवा. मग १२,०००, मग १८,०००, मग २४,०००, प्रत्येक टप्प्यावर बॉडीला हात लावत. नवं ग्रीस पसरायला वेळ लागतो. हात ठेववत नसेल तर थांबा.

क्लॅम्प

ओतीव ॲल्युमिनियमचा ८० मिमी क्लॅम्प स्वस्त मिळतो. त्याचा बोअर (स्पिंडल बसायचं भोक) मागच्या फेसला (पृष्ठभागाला) समांतर असेलच असं नाही. बोअरमध्ये ग्राइंड केलेली दांडी किंवा स्पिंडलच धरा, क्लॅम्प सरफेस प्लेटवर मागच्या फेसवर आडवा ठेवा आणि दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक डायलने पाहा. १०० मिमीवर ५० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही जॉबवर्कवाल्याकडे बोअर धरून मागचा फेस मारून घ्या. गुरुवारी जाऊ नका, सुट्टी असते. सरफेस प्लेट नसेल तर जाड काचेवर काम भागतं. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलात तर डायल स्टँडपासून व्ही-ब्लॉकपर्यंत बरंच काही मिळतं. घेताना व्ही-ब्लॉकच्या कडा मार खाल्लेल्या नाहीत ना ते बोट फिरवून पाहा.

दोन बारीक क्लॅम्पपेक्षा एकच लांब क्लॅम्प बरा. दोन वेगळे लावले तर ते एका रेषेत आणणं हे तिसरं काम होऊन बसतं. क्लॅम्प झेडच्या प्लेटवर जितका खाली नेता येईल तितका न्या आणि स्पिंडलचं नाक क्लॅम्पच्या बाहेर कमीत कमी ठेवा. बाहेर लोंबणारी लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं.

घट्ट करताना हात आवरा. स्पिंडलची बॉडी पातळ आहे आणि आत बेअरिंग अगदी जवळ आहेत. सगळे बोल्ट बोटाने लागू द्या, मग आळीपाळीने पाव-पाव फेरा ॲलन कीच्या आखूड बाजूने. प्रत्येक फेऱ्यानंतर शाफ्ट हाताने फिरवा. जड वाटायला लागला की तिथून अर्धा फेरा मागे. मग बॉडी आणि क्लॅम्पवर मार्करने एक आडवी-उभी खूण करा. पहिल्या दोन-चार जॉबनंतर खूण सरकली नाही म्हणजे पकड पुरेशी आहे. क्लॅम्प सैल होतोय म्हणून आत कागद किंवा पत्रा घालू नका, योग्य मापाचा क्लॅम्प घ्या.

गुण्यात आणणं

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण त्या एकच समजतात. बेड हा एक्स-वायच्या चालीला समांतर आहे का, झेडची चाल बेडला गुण्यात (काटकोनात) आहे का, आणि स्पिंडलचा अक्ष झेडच्या चालीला समांतर आहे का. क्रम हाच ठेवा.

पहिल्यासाठी डायल झेडच्या प्लेटला बांधा आणि बेडवरून एक्स, मग वाय फिरवा. दुसऱ्यासाठी खात्रीचा गुण्या बेडवर उभा करून त्याच्या उभ्या कडेवर डायल लावून झेड खाली-वर करा, एकदा समोरून, एकदा बाजूने. इथे चूक असेल तर ती फ्रेममध्ये सुधारा. स्पिंडल वाकडा करून ती झाकली तर आखूड टूलने आणि लांब टूलने मारलेली भोकं वेगवेगळ्या जागी पडतात.

तिसऱ्यासाठी कोलेटमध्ये ग्राइंड केलेली १२ मिमी दांडी धरा. ईआर-११ किंवा ईआर-१६ असेल तर ६ मिमीची. बेडवर डायल ठेवा, टोक दांडीला लावा, झेड ५० मिमी हलवा, फरक लिहा. मग स्पिंडल हाताने अर्धा फेरा फिरवून तेच पुन्हा. दोन आकड्यांची सरासरी घ्या, दांडीचा रनआउट (फिरताना डोलणं) त्यात मरतो. ही पायरी गाळली तर कोलेटच्या चुकीला तुम्ही क्लॅम्पची चूक समजाल.

शेवटी डायल कोलेटमध्ये वाकड्या दांडीवर धरून बेडवर २०० मिमी व्यासाचं वर्तुळ फिरवा, चार जागी वाचा. बेडला स्लॉट असतील तर टोकाखाली काचेचा किंवा ग्राइंडिंगचा एकच तुकडा सरकवत वाचा. डावी-उजवी चूक असेल तर सोपं आहे: क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लाकडी हातोड्याने हलके टोले द्या, बोल्टच्या भोकांतली मोकळीक पुरते. पुढे-मागे कल असेल तर शिम, म्हणजे फटीत घालायची पातळ पट्टी लागते. पुढच्या बाजूला डायल कमी दाबला जात असेल, तर नाक पुढे आलेलं आहे; शिम वरच्या बोल्टपाशी. पुढे जास्त दाबला जात असेल, तर शिम खालच्या बोल्टपाशी. जाडी किती? वर्तुळाच्या व्यासावर आलेला फरक गुणिले वर-खालच्या बोल्टमधलं अंतर, भागिले व्यास. २०० मिमीवर ०.१२ मिमी फरक आणि बोल्ट १०० मिमी अंतरावर, म्हणजे ०.०६ ची शिम. पितळी शिम पत्रा मिळाला तर उत्तम, नाहीतर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी भरतो आणि स्वयंपाकघरातली फॉइल त्याहून कितीतरी पातळ असते. मायक्रोमीटरने मोजून घ्या. बोल्ट आवळला की आकडा पुन्हा बदलतो, त्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण आवळूनच वाचा. १०० मिमीवर २० मायक्रॉनच्या आत आलं की मी थांबतो. त्याखाली जायला माझी फ्रेम लायक नाही. सकाळी आणि दुपारी वेगळे आकडे येतात.

कोलेट आणि पहिला कट

कोलेट आधी नटमध्ये तिरका घालून टिक असा आवाज येईपर्यंत बसवा, मग नट स्पिंडलवर. कोलेट टेपरमध्ये टाकून वरून नट लावणारे पुष्कळ आहेत. त्यांचा कोलेट काढताना आतच अडकतो आणि टूल डोलतं. टूलशिवाय नट कधी आवळू नका. खोक्यातले कोलेट बहुधा सुमार असतात. दोनच चांगले घ्या, ६ मिमी आणि ३.१७५ मिमी. ३ मिमीच्या दोन दातांच्या टूलला दाताला २० मायक्रॉन फीड देताय आणि रनआउट ३० मायक्रॉन आहे, तर एकच दात सगळं कापतो, दुसरा नुसता फिरतो, आणि मग टूल तुटलं की फीडला दोष. पावसाळ्यात टेपरला तेलाचा हात लावून ठेवा, कट घेण्याआधी तो पूर्ण पुसा.

पहिला कट ॲल्युमिनियमच्या सपाट तुकड्यावर, मोठ्यात मोठ्या टूलने, ०.२ मिमी खोल. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर नख फिरवा. पायरी लागली तर कल उरलाय, आणि पायरी एक्सच्या पट्ट्यांत आहे की वायच्या, यावरून कुठला ते कळतं: एक्सच्या दिशेने मारलेल्या पट्ट्यांत लागली तर पुढे-मागे, वायच्या पट्ट्यांत लागली तर डावी-उजवी. टूलच्या मागच्या दाताच्या खुणाही पुढच्या दाताच्या खुणांना छेदत जाऊन जाळी दिसली, तर जमलं, कॉफी करून या. मग २० तास चालल्यावर क्लॅम्पची खूण आणि झेडच्या प्लेटचे बोल्ट पुन्हा बघा. माझा खालचा डावा बोल्ट दर वेळी पाव फेरा घेतो.